तीन फुटलेले होज आणि एक सीट

३ मार्च, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. आयुष्याला वळण लागतंय.
मामाचं खोदायचं छोटं मशीन मंदावलंय. बकेट अशी वर येते की खाली उभ्या माणसाला जांभई यावी. मामा म्हणाला, पंधरा तारखेच्या आत नीट केलंस तर सीट तुझी, ऑपरेटर तू. नाहीतर गुमान कॉलेजचा फॉर्म भर.
कॉलेज? प्राध्यापकांशी भांडून, दार आपटून बाहेर पडलोय. परत गेलो तर नाव बदलेन.

३ मार्च, दुपारी
मशीनचा अभ्यास संपला. पंप टाकीतलं ऑइल फिल्टरमधून ओढतो, पुढे ढकलतो. लिव्हर ओढला की वाट उघडते, ऑइल सिलिंडरात शिरतं, दांडा ढकलतं, बकेट हलते. दाब फार वाढला तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल टाकीत परत सोडतो.
म्हणजे सगळी ताकद हाच पळपुटा वाया घालवतो. मामा म्हणतो आधी फिल्टर बदल. मामाची झेप तेवढीच.

५ मार्च
गुपचूप रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू दोन आटे आवळला. मामाने बकेट खडकाला लावली. ऑइल नेणारा जाड रबरी होज फुटला. दोघंही ऑइलने न्हालो. मामाने माझ्या वडिलांचा उद्धार केला, त्यांचा काय संबंध?
नवा होज आणायला गेलो. काउंटरवर दुकानदाराची मुलगी. होजच्या टोकाला फिटिंग दाबून बसवत होती, दातांत पेन्सिल. म्हणाली, आधी तोंड पुसा. जगात एवढी माझी काळजी कुणी केली नाही.

६ मार्च
लग्नानंतर मामाकडे राहायचं नाही, हे ठरलं.

७ मार्च
बकेट अजून मंदच. आणखी अर्धा आटा. दुसरा होज गेला.
तिने विचारलं, एवढा दाब येतो कुठून? म्हटलं, रक्तातच आहे. तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. माझंच वाक्य असणार.
फिल्टर तिच्याच दुकानात मिळतो. पण फिल्टर मागणारा माणूस कसा दिसतो? किरकोळ. फुटलेला होज खांद्यावर टाकून गेलं की कर्ता पुरुष दिसतो.

९ मार्च
तिसरा होज. (एक आटा.) मामाने पाना फेकून मारला, मी तोच उचलून परत फेकला. दोघांचाही नेम चुकला.
ती म्हणाली, उद्या मशीन बघायला येते. मशीन! समजणाऱ्याला इशारा पुरे. शर्टाला इस्त्री केली.

१० मार्च, सकाळी ११
आली. माझ्या शर्टाकडे न बघता प्रेशर गेज जोडला. काटा लाल पट्टीच्या पार पुढे. मामाला म्हणाली, काका, स्क्रूला कुणीतरी हात लावलाय. मामाने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे.
तिने स्क्रू सैल करून दाब जागेवर आणला. मग फिल्टर काढला. आत चिखलाचा लाडू. म्हणाली, दाबाने जोर मिळतो, वेग नाही. वेग हवा तर पंपाला पुरेसं ऑइल मिळायला हवं. फिल्टर तुंबल्यावर पंप बिचारा ओढणार काय? नवा फिल्टर बसवून, सीटवर बसून तिने दोरी लावल्यासारखा सरळ चर खोदला.
विचारलं, कुठे शिकलात? म्हणाली, इथल्याच कॉलेजात. हे तिसऱ्या सेमिस्टरला असतं.
मी दुसऱ्यातच दार आपटलं होतं.

१० मार्च, दुपारी
मामा शब्दाचा पक्का निघाला. ज्याने मशीन नीट केलं त्याची सीट. दुकानाच्या सुटीच्या दिवशी ती येणार. मशीनला ग्रीस मी लावायचं, तेही तिला विचारून.

१५ मार्च
फॉर्म भरला. क्लार्कने विचारलं, मधलं वर्ष काय करत होता? म्हटलं, एक्स्कॅव्हेटर ऑपरेटर होतो.
मामा शेजारीच उभा होता. क्लार्कला म्हणाला, लिहा, घरीच होता.