गाळण्याआधीची बाटली

२ जून, सोमवार
नव्या नोकरीचा पहिला दिवस आणि पहिली तक्रार: पांढऱ्या कोटाच्या बाह्या कोपरापाशीच संन्यास घेतात. जन्मभर संस्कृत शिकवलं. आता प्रयोगशाळेत नोंदी लिहायच्या. प्रमुख बाईंनी काम समजावलं. बशीत रक्तातल्या पांढऱ्या पेशी. त्यांना जंतूंच्या विषाचा थेंब द्यायचा. शत्रू आला असं समजून त्या एक द्रव्य सोडतात, त्याने जखमेतलं मांस वाढतं. मग विष गाळून टाकायचं. उरलं ते औषध. म्हटलं, समुद्रमंथनच की. बाई म्हणाल्या, नोंदीत उपमा नकोत.

१४ जून, शनिवार
हिच्या टाचेची जखम सात महिने भरत नाही. मधुमेह. डॉक्टर आता पाऊल कापायचं बोलतात. आज प्रयोगशाळेतली एक बाटली माझ्या खिशात आली. आली म्हणजे मी घातली. हिला सांगितलं, डॉक्टरांनी दिलंय. बोटाने लावलं. ही म्हणाली, कधी नव्हे ते पाय धरलेत, तारीख लिहून ठेवा. लिहिली.

१६ जून, सोमवार
जखम निम्मी भरली. कामावर शीळ घालत गेलो. हातमोजे चढवता चढवता बाईंनी सांगितलं, आठवड्याचं गाळणं आपण सोमवारी करतो, त्याची नोंद वेगळी ठेवा.
सोमवारी. मी बाटली शनिवारी आणली.
म्हणजे विष त्यातच होतं. हिला काही बोललो नाही. जखम तर भरतेय.

१९ जून
टाच भरली. भरून वर आली. चप्पल पायात जाईना.
"अहो, मांसाला थांब म्हणायला तुमच्या संस्कृतात काही आहे का?" ही हसली. मीही हसलो, निर्लज्जासारखा.
बाईंना आडून विचारलं, न गाळता लावलं तर? अंगातल्या पेशी थांबणारच नाहीत, म्हणाल्या. मी हात खिशात घातला. औषध लावलेलं बोट कागदाने कापलं होतं. ते शेजारच्या बोटाला चिकटलंय.

२१ जून
हिच्या पायाची दोन बोटं एक झाली. इस्त्रीने पोळलेल्या तळहातालाही हिने तेच औषध लावलं. डॉक्टरांचा हातगुण, म्हणाली. सांगणार होतो, पण—

२२ जून
सांगायचंच म्हणून हिचा तो हात हातात घेतला. हवेचं बोललो, भाजीच्या भावाचं बोललो. बराच वेळ तसाच बसलो. मग सोडायला गेलो.
सुटेना.

२३ जून
डाव्या हाताने लिहितोय. कातडी एकच. माझी कुठे संपते— ही शेजारीच. जाणार कुठे. हात सुटत नाही याची भीती नाही, खरंच नाही. मी खोटं बोललो, एवढं एकच हिला कळू— मोकळ्या हाताने ही याच वहीची मागची पानं उचलून वाचतेय. एकोणीस तारीख वाचून झाली. आता सोळा—