दवण्याची पेंडी

आटपाडी,
ता. १३ एप्रिल २०२६, सोमवार

चि. प्रांजलला राहीआजीचा पोटभर आशीर्वाद. तिकडं वाईत सुखात असशील.

दुसरीपतुर शिकलेली मी, अक्षर गोड मानून घे. फोनवर बोलावं तर सुली कान लावून असती, म्हणून कागद घेतला. आज लय खुशीत हाय बघ. शेळीला दोन करडं झाली. एक अगदी तुझ्या आज्यावाणी ढेंगा टाकत चालतंय.

मान कशी हाय? पापण्या बी सुजल्या म्हणं. अत्तर आधी सोताला लावून बघतीस ते बरं, गिऱ्हाइकाला फोड आलं असतं तर? खोबरेल लाव. डाग जातील, न्हाई गेलं तर वढणी हाय की.

सुलीचा मातुर नूर गेला. माझी धाकटी जाऊ, तुझी चुलतआजी, पर तुझ्या बाटलीवर फोटू तिचाच, ‘रानपाल्याची जाणकार’. मला दावलास तवा मी हसले हुते, आठवतंय? परवा तिच्या पोटच्या ज्योतिबानं चार माणसांत सुनावलं, “आये, दवण्यात गाजरगवत घालून पोरीचं त्वांड जाळलंस. आता रानात पाय टाकू नगंस.”

खरं सांगू? सुली एकेक काडी चुरगाळून हुंगती. पांढुरका पाला, बोटाला दिसभर वास, तोच दवणा. ती चुकत न्हाई. त्या दिवशी तुझ्या अत्तराची पेंडी बांधली तिनं, वाईच्या एसटीत टाकायला गेले मी. गाडीला उशीर हुता. स्टँडामागं गाजरगवत माजलंय. फुलं न आलेलं कवळं तेवढं निवडलं. पेंडीतल्या दोन मुठी काढल्या, दोन घातल्या. तुला तरी कळलं का? मंग सांग, वळख कुणाची मोठी? गाठ बी सुलीवाणीच मारली. चाळीस वर्सं एका चुलीवर काढल्यात.

तू आधी लावशील हे ठावं नव्हतं गं. ठावं असतं तर... जाऊ दे, करडू वरडतंय.

आता सुली दारात दवण्याची कुंडी घिऊन बसती. पान चुरगाळती, हुंगती, पुन्ना हुंगती. मला इचारती, “आक्का, ह्यो दवणाच न्हवं?”

दवणाच असतो.

मी म्हणते, “न्हाई गं, गाजरगवत हाय.”

मंग उठून हात धुती, लय येळ.

नव्या बाटलीसाठी माझा फोटू काढून ठिवलाय, हिरव्या लुगड्यातला.

तुझी सख्खी आजी,
राहीबाई