फौजी अक्काची घरपट्टी

१२ एप्रिल
बोअर आटला. टँकर आता दिवसाआड. रांगेत बायको, तारा, उभी राहते. मला अर्ज लिहायचे असतात.
माझी थोरली बहीण, अक्का, मिलिटरी हॉस्पिटलातून कॅप्टन म्हणून निवृत्त होऊन गावी आली. घर तिच्या पैशाचं, नोंद माझ्या नावावर. बांधकामाच्या वेळी ती जम्मूला होती. एवढ्याशा गोष्टीसाठी तिला कशाला त्रास?
संकल्प : माजी सैनिकांना घरपट्टी माफ असते. अक्काला हा हक्क मिळवून देणारच.

१५ एप्रिल, सकाळी
ग्रामपंचायतीत गेलो. सरपंच बायनाबाई, पण खुर्चीत त्यांचे यजमान मोहनराव. म्हणाले, बाई कुठं फौजी असती का बे? माफी फौजीला, न्हाईतर त्याच्या बायकोला. तुझ्या अक्काला बायको हाय का? सगळे हसले. मीही थोडा हसलो. संबंध टिकवावे लागतात.

१८ एप्रिल
अक्काला म्हटलं, सगळं माझ्यावर सोड. तिने विचारलं, घर माझ्याच नावावर हाय ना? मी दुष्काळाचा विषय काढला.

२६ एप्रिल
ग्रामसभेचं भाषण तयार. विषय, स्त्री-पुरुष समानता. शुद्धलेखन तीनदा तपासलं. ताराला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आधी ही घागर उतरवू लागा. तिला कायद्यातलं कळत नाही.

१ मे
भाषण उत्तम झालं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मोहनराव उत्तराला उठले, तर बायनाबाईंनी त्यांना खाली बसवलं. हे प्रथमच. म्हणाल्या, पोरगं खरं बोलतंय. फौजी बाईलाबी माफी. फकस्त घर तिच्या नावावर पायजे, गड्यालाबी तोच नियम हाय. मग मला विचारलं, घर अक्काच्याच नावावर हाय न्हवं?
अक्का पहिल्या रांगेत होती. ती माझ्याकडेच बघत होती.
मी प्यायला पाणी मागितलं. पाणी नव्हतं.

२० मे
तालुक्याला, आष्टीला जाऊन घर अक्काच्या नावावर करून दिलं. माझा मूळ विचार तोच होता. माफी मंजूर. दारावर पाटी, कॅप्टन सुभद्रा आसाराम शेळके. अक्षर माझं, एकही चूक नाही.
अक्का म्हणाली, राहा इथंच. पण समानता घरातबी पायजे. टँकरची पाळी तुमा दोघांची निम्मी निम्मी. ताराच्या मागच्या पाळ्या तू आधी फेडायच्या.

२२ मे
हे रांगेत उभ्याने लिहितोय. पुढे सगळ्या बायका. मागे एकच गडी, मोहनराव, डोक्यावर रिकामा हंडा घेऊन. मी नमस्कार केला.
संबंध टिकवावे लागतात.