न विचारता आणलेला होकार

आई, "मामाजी हो म्हणतेत," असं तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणालीस, ते वाक्य मला अजून तुझ्याच आवाजात ऐकू येतं. चंद्रपूरला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करायला मला पाठवायचं की नाही, हे आबाजींना, म्हणजे तुझ्या सासऱ्यांना, विचारायला बाबांनी तुला पाठवलं होतं. बाबांनी म्हातारा बैल न विचारता चामोर्शीच्या बाजारात विकला, तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद होतं आणि घरातला प्रत्येक शब्द तुझ्यातून जायचा. समोरासमोर जेवायला बसलेले असले तरी आबाजी म्हणायचे, "सांग तुया नवऱ्याले, बांधीचा धुरा फुटला, धानातलं पानी चाललं." बाबा ताटातून मान वर न करता म्हणायचे, "बुढ्याले सांग, मले दिसते." आणि तू ते दोन्ही इमानदारीत इकडून तिकडे पोचवायचीस, जणू कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. पुढे पुढे तुला उत्तरं पाठ झाली. आबाजी शेतावर असले तरी बाबांच्या प्रश्नाचं त्यांचं उत्तर तू तांदूळ निवडता निवडता देऊन टाकायचीस, आणि ते बहुधा बरोबर निघायचं.

मी आता ज्याच्यावर पोट भरते ते काम ऐकलंस तर हसशील. धान खरेदीचं एक ॲप आहे. केंद्रावरची माणसं त्यात शेतकऱ्याचं नाव, पोती, वजन भरतात, आणि फोन ते तिकडच्या सर्व्हरला विचारतो: घेऊ का? मी ते ॲप तपासते. पण तपासायला दरवेळी खऱ्या सर्व्हरवर खोटं धान कसं चढवणार, आणि तो निम्मा दिवस बंदच असतो. म्हणून मी दोघांच्या मध्ये एक प्रॉक्सी सर्व्हर बसवते. ॲपचा प्रश्न तो पुढे नेतो, आलेलं उत्तर नोंदवून ठेवतो आणि परत आणून देतो. पुढच्या वेळी सर्व्हर झोपलेला असला तरी प्रॉक्सी ते नोंदवलेलं उत्तर देतो, आणि ॲपला कळतही नाही. कधी मी एखादं उत्तर हाताने बदलते. होकाराचा नकार करते, किंवा उत्तर मुद्दाम उशिरा सोडते, ॲपचा धीर सुटतो का ते बघायला. हे पहिल्यांदा शिकले तेव्हा शिकवणारा फळ्यावर तीन चौकोन काढत होता, आणि मला मधल्या चौकोनात डोक्यावर पदर घेतलेली तू दिसत होतीस.

कारण त्या दिवशी मी खिडकीतून बघत होते. तू घरामागच्या सांदवाडीत जातेस. आबाजी खाटेवर बसून अंबाडीचा दोर वळत आहेत. तू रांजणापाशी थांबतेस, त्यांच्या पाठीकडे बघतेस, तोंड उघडत नाहीस, आणि परत येतेस. तुझ्याकडे त्यांचं जुनं उत्तर होतं. आत्याच्या शिक्षणाच्या वेळी ते 'नाई' म्हणाले होते, आणि आत्या तिथेच थांबली होती. ते उत्तर तू बदललंस. माझं सगळं आयुष्य त्या बदललेल्या उत्तरावर उभं राहणार होतं, आणि आबाजींनी एकदा तोंड उघडलं असतं तर ते तिथेच कोसळलं असतं.

निघायच्या सकाळी बाबा माझी पेटी सायकलच्या कॅरिअरवर बांधत होते. आबाजी बाहेर आले. "हे कुठी चालली?" त्यांनी तुला विचारलं. तू पदर सावरलास. "चंद्रपूरले, शिकायले. तुमीच हो म्हणले ना, मामाजी."

"मी म्हणलो?"

"हो."

बाबांचे हात दोरीवरच थांबले. त्यांना त्या क्षणी सगळं कळलं असणार. आबाजी तुझ्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग पेटीकडे. "मंग म्हणलो असन," ते म्हणाले. आणि तुझ्याकडे न बघता, थेट बाबांना, "दोरीचा दुसरा आढा दे. रस्त्यात पडन."

"देतो," बाबा म्हणाले.

इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच त्यांच्यात नेण्याआणण्यासारखं काही उरलं नव्हतं. तू दोघांच्या मध्ये रिकाम्या हातांनी उभी होतीस, काय करावं ते न सुचून. माझ्या कामातही शेवटी असा दिवस येतो. प्रॉक्सी काढून टाकायचा, आणि ॲपला खऱ्या सर्व्हरशी बोलू द्यायचं. मागच्या आठवड्यात चामोर्शीच्या केंद्रावर ते बोललं. एका बाईचं धान पहिल्याच खेपेला चढलं आणि ती चहा प्यायला निघून गेली. मला फार बरं वाटलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून एक कबूल करते. तू गेल्यापासून कुठे अडले की तू काय म्हणाली असतीस ते मीच म्हणून घेते, आणि दरवेळी तुझ्याकडून 'हो'च घेते. पण तुझं स्वतःचं उत्तर माझ्याकडे एकही नाही. तू आयुष्यभर दुसऱ्यांचीच उत्तरं नेलीस. मी गेल्यावर त्या घरात तुझ्याशी बोलायला कुणी राहणार नव्हतं, हे तुला माहीत होतं. तेव्हा बाबांचं नको, आबाजींचं नको. मी जावं असं तुला वाटत होतं का, एवढं सांग. तू विषय बदलशील, जेवली का म्हणून विचारशील. तरी सांग.