उष्ट्या ओळी

सोमवार, ३ नोव्हेंबर

सोलापुरातला पहिला दिवस झकास गेला. ऑफिस सात रस्त्याजवळ, दुसऱ्या मजल्यावर. माणसं मोजून तीन: मालक चन्नप्पा, चहा आणि झाडलोट बघणाऱ्या सोनाबाई, आणि मी. साखर कारखान्यांचा एक प्रोग्राम आम्ही सांभाळतो. कोणाच्या उसाला कधी तोड मिळणार, हे तो ठरवतो. सगळं काम गिटमध्ये आहे. संस्कृतीला फोनवर समजावलं तसंच इथे लिहितो: गिट म्हणजे प्रोग्रामची हजेरीवही. कोणी कोणती ओळ बदलली, कधी आणि का, सगळं नावानिशी राहतं. काळ्या पडद्यावर एक हुकूम टाइप केला की पाच-सहा वर्षांपूर्वीची ओळही समोर हजर होते.

ही रोजनिशीही मी गिटमध्येच लिहितोय आणि रोज ऑफिसच्या सर्व्हरवर चढवणार आहे. संस्कृती तेवीस तारखेला नाशिकहून येतेय. लग्नाला पाच महिने झाले, आता कुठे आमचं दोघांचं घर होईल. तोवर खोली लख्ख करून ठेवायची आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

माझ्या जागी आधी बिभीषण नावाचा माणूस होता. सहा वर्षं एकट्याने त्याने हा प्रोग्राम लिहिला आणि यंदाच्या उन्हाळ्यात तोंडाच्या कॅन्सरने गेला. ऐकून वाईट वाटलं. मग त्याचा कीबोर्ड उलटा केला, आणि ते वाईट वाटणं कुठल्या कुठे पळालं. सुपारीचा चुरा पडला, चुन्याच्या खपल्या पडल्या, आणि मोठ्या बटणाखाली तांबूस, चिकट असं काहीतरी वाळून बसलेलं. मावा, तंबाखू-सुपारीचा! हा गृहस्थ मावा मळायचा आणि त्याच बोटांनी टाइप करायचा.

मला सख्ख्या आईचं उष्टं चालत नाही. दोनदा ओकारी आली. स्पिरिटने पुसून पाहिलं, शेवटी पदरमोड करून नवा कीबोर्ड आणला. सोनाबाई दारातून बघत होत्या. लई नाकानं कांदे सोलतोय, असं त्या चन्नप्पांना म्हणाल्या, आणि तेही मला नीट ऐकू येईल अशा बेताने.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

गिटमध्ये प्रत्येक बदलापुढे एक शेरा लिहायचा असतो, काय केलं आणि कशासाठी. बिभीषणचे शेरे वाचतोय. ‘थुकून आलो मग जमलं.’ ‘गाल लई ठणकतोय, उद्या बगू.’ ‘पू आला. तरी तोडीची यादी लावली.’

काम चोख आहे, ते कबूल करतो. मी सहा महिन्यांत करणार नाही ते त्याने आठवड्यात केलंय. पण त्याची ओळ उघडली की कोणाचं तरी खरकटं ताट पुढ्यात ओढून जेवायला बसल्यासारखं होतं. आज दुपारचा डबा तसाच परत नेला.

सोमवार, १० नोव्हेंबर

सुटलो एकदाचा. गिटमध्ये जुना इतिहास नव्याने लिहिता येतो. चांगली माणसं तसं करत नाहीत, पण येतं. चार हजार नोंदींमधून बिभीषणचं नाव काढलं, तिथे माझं, शिवराज, घातलं, शेरे पुसून टाकले. सर्व्हरवरच्या प्रतीवर ही नवी प्रत जबरदस्तीने चढवली. माझ्या मशीनमधल्या जुन्या खुणाही खरवडून काढल्या, पुन्हा कोणी उकरायला नको. सहा वर्षांचं काम माझ्या नावावर. आयत्या बिळावर नागोबा म्हणा हवं तर.

चन्नप्पांना सांगितलं. ते म्हणाले, जाताना त्याने एकच मागितलं होतं, माझं काम माझ्या नावाने राहू द्या. हे मला आधी कोणी सांगायचं? दुसरी प्रत कोणाकडे आहे का, विचारलं. नाही म्हणाले. खरं लिहायचं तर स्वच्छ पडदा बघून मला बरंच वाटलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सकाळी दाताच्या फटीतून सुपारीचा तुकडा निघाला. मी जन्मात सुपारी तोंडात घातलेली नाही. जिभेवर चुन्याची आग. बेसिनमध्ये थुंकलो तर तांबडं. हिरडी सुजली असेल. चार वेळा चूळ भरली, तरी तोंडात दुसऱ्या कोणाचं तरी तोंड असल्यासारखं वाटतंय. शी!

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. डॉक्टरांनी आत बॅटरी मारली आणि किती वर्षं मावा खाता, असं विचारलं. खात नाही म्हटल्यावर हसले. सगळे असंच म्हणतात म्हणे. गालात आतून पांढरा चट्टा आहे, त्याला वास येतो. माझ्या श्वासाची मलाच किळस येते. त्या चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवलाय.

संस्कृती फोनवर खूप हसली. तू ‘लई’ कधीपासून म्हणायला लागलास, म्हणाली. मी म्हटलंच नव्हतं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

शनिवार-रविवारच्या नऊ नव्या नोंदी. नाव शिवराज. दोन्ही दिवस मी खोलीवर अंथरुणात होतो. शेरा: ‘थुकून आलो मग जमलं.’

कोणत्या ओळीचा धनी कोण, हे विचारायचा हुकूम दिला. पडदाभर शिवराज, शिवराज, शिवराज. तक्रार कोणाची करू? त्याचं नाव परत घालावं म्हटलं, पण जुनं काही उरलंच नाही. हाताने चार नोंदींवर बिभीषण लिहिलं. चहा पिऊन आलो तर चारही ठिकाणी पुन्हा मी.

सोनाबाईंना विचारलं, बिभीषणच्या घरचे कुठे भेटतील, त्यांची माफी मागतो. म्हणाल्या, “घरी कशापायी जाताय? हितंच बसतोय की त्यो. तुमी खुर्चीवरनं उठला की.”

बुधवार, १९ नोव्हेंबर

बॅग भरली, एसटी स्टँडला निघालो. भान आलं तेव्हा ऑफिसच्या खुर्चीत होतो. डाव्या तळव्याला चुना. खिशात पुडी. मी घेतली न्हाय — नाही. नाही घेतली. नीट लिहायचं. मी शिवराज. नाशिकचा. संस्कृतीचा नवरा —

गालातनं पू आला. गिळला. बोटं थांबंनात म्हणून गिळला. शी, शी —

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आजची नोंद सर्व्हरवर चढत नाही. गिट म्हणतं, एकाच ओळीच्या दोन प्रती आहेत, एक ठेवा.

माझी: संस्कृती, येऊ नकोस. तिकीट रद्द कर.

दुसरी: संस्कृती, ये की. लई वाट बगतोय.

दोन्हींपुढे नाव शिवराज. फोन लावला, ती हॅलो हॅलो करत राहिली, माझा जबडा उघडेना. मेसेज करतो. वरची ओळ ठेवतो, तीच तिला पाठवतो. वरची. वरची — बोट खाली —

गेला. कुठला गेला? कुठला —

रविवार, २३ नोव्हेंबर

टेसनावर गेलतो. संस्कृती आली. लई दमलीया. खोली बगून हरकली. बोलाय लागलास की बाबा हितल्यावानी, म्हनून हसली.

च्या केला. अर्धा म्या प्यालो, अर्धा तिला दिला. तुला तर उष्टं चालत न्हाय की, म्हनली. तरी प्याली. मग तिनं जिभंवरनं बोट फिरवलं, बोटाला लागलेला सुपारीचा चुरा बगितला, आन् म्हनली, ह्ये काय —