लिहायच्या खोलीचा चार्ज

जुनवानी, भिलाई
४ जुलै २०२३

ती. स्व. दादास,
यामिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुले फोनवर आयकू येत नाही अन् मले ओरडता येत नाही, म्हणून पुन्हा पत्रच. पुस्तकात शुद्ध लिहिते, पण तुले लिहिताना घरचीच बोली येते. हसू नको.

एक खोली रिकामी केली बापा. समोरची, तुझ्या लाडक्या आनंदरावांची. हे जाऊन तीन वर्षं झाली, पण त्यांच्या सामानाले हात लावायची हिंमत मागच्या आठवड्यात झाली. खुर्ची ठेवली, बाकीचं काढलं. पावर हाउसच्या बाजारातून एक टेबल आणलं. दोन पायऱ्या चढवायले ऑटोवाल्यानं एवढी कुरकुर केली की जसा मी हत्तीच घेतला.

आता खरं सांगू? मले भेव वाटून राहिलं. प्रकाशकानं दिवाळीपर्यंतची मुदत देली. पुस्तक तुझं, मालगाडीच्या गार्डाचं, अन् माझ्यापाशी आहे काय? तू सांगितलेल्या गोष्टींच्या चिठ्ठ्या. काही पिशवीत, काही बिस्किटाच्या डब्यात, काही कॅलेंडरच्या मागच्या बाजूले. काल एक पिशवी उचलली तर खालून वाळवी! तीन गोष्टी खाऊन टाकल्या मेलीनं. तेव्हापासून दर तासाले जाऊन भिंत पाहते. उद्या सगळंच गेलं तर मी कोणाच्या तोंडाकडे पाहू?

तू सारा जन्म गार्डाची पेटी सांभाळली, कधी एक कागद हरवला नाही. सांग मले, ही खोली कशी लावू. अन् तुझ्या ड्यूटीच्या डायऱ्या मले वाचायले पाठवशील काय? फाडणार नाही, शपथ.

पराग अन् सूनबाई वैभवीले आशीर्वाद सांग. माया आहे तशीच राहू दे, अन् उत्तराले उशीर नको करू.

तुझी
यामिनी


अजनी, नागपूर
१२ जुलै २०२३

चि. सौ. यामिनीस,
अनेक उ. आ.

पत्र पोचलं. वाळवीच्या नावानं रडू नको. टेबल भिंतीपासून वीतभर सरकव. कागद लाकडावर नाही, लोखंडी रॅकवर. खालच्या फळीवर काई ठेवायचं नाही.

आता नीट आयक. गार्ड ड्यूटीवर येते तेव्हा चार्ज घेते. पेटी, दिवा, झेंड्या, सगळं मोजून अन् सही करून. उतरते तेव्हा पुढच्याले मोजून देते, त्याची सही घेते. तसंच कर. डब्यांवर नंबर टाक. दाराशी रजिस्टर बांधून ठेव. कागद डब्यातून निघाला की लिहायचं, कोणता, केव्हा, कोणी घेतला. परत ठेवला की सही. तू म्हणशील, खोलीत मी एकटी, सही कोणासाठी करू? करायची. मले आठवते असं म्हणून चालायचं नाही. आठवणीचा काई भरवसा नाही यामिनी. सहीचा आहे.

डायऱ्या पाठवून राहिलो. सगळ्या, छत्तीस. ट्रंक दुर्ग स्टेशनले उतरेल. यादी आत आहे. मोजून सही कर अन् एक प्रत मले पाठव, म्हणजे माझा चार्ज उतरला. खोली लवकर लाव. दिवाळीची वाट पाहू नको. लवकर लाव.

टेबलाचा पाय हलत असेल तर आनंदरावांना सांग, पाचर ठोकून देतील. त्यांना माझा नमस्कार.

तब्येतीले जप, हाच आशीर्वाद.

देवराव दादा


जुनवानी, भिलाई
२४ जुलै २०२३

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र घेऊन मी दारातच उभी राहिली. वर 'सौ.' लिहिलं. तीन वर्षांत एकदाही लिहिलं नाही तू. अन् खाली म्हणतो की आनंदराव पाचर ठोकतील! अरे, त्यांच्या तेरवीची पंगत तूच वाढली होती. मले म्हटलं होतं, दोन घास खा, मी आहे. मी मनाले समजावलं, हाताची जुनी सवय, पेन आपोआप चाललं असेल. होते असं. माझंही होते.

पण राहवलं नाही. परागले फोन केला. तो म्हणाला, आत्या, बाबा एकदम ठीक आहेत, अन् लगेच टमाटरचा भाव सांगायले लागला. तो पोट्टा जन्मात कधी भाजीच्या भावावर बोलला काय? मले तेव्हाच कळलं, हा काहीतरी लपवून राहिला.

ट्रंक आणली. डायऱ्या मोजल्या, छत्तीस भरल्या, सहीची प्रत सोबत आहे. खोलीही लावली. डब्यांवर नंबर, दाराशी रजिस्टर, रॅकवर वर्षवार तुझ्या डायऱ्या. आता चष्मा घेतला तरी सही करते. शेजारीण पाहून गेली अन् म्हणाली, ताई, आपने तो घर में दफ्तर खोल लिया.

पण ट्रंकच्या तळाशी परागच्या लग्नातला फोटो निघाला. मागे तुझ्या अक्षरात नंबर टाकून लिहिलं आहे. एक, पराग, मुलगा. दोन, वैभवी, सून. तीन, देवराव, मी. चार, यामिनी, बहीण, भिलाईले असते. खाली तारीख मागच्या महिन्याची. घरच्याच माणसांची नावं कोणी लिहून ठेवते काय रे दादा? कावून लिहिली? मी तो फोटो उलटा ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा उलटा ठेवला.

मी पापी आहे, तुझी परीक्षा घेऊन राहिली. डोंगरगडले तुझ्या ब्रेकव्हॅनमध्ये, गार्डाच्या डब्यात, शेळी चढली होती अन् तू तिले गोंदियापर्यंत नेलं, ही गोष्ट तू दर दिवाळीले सांगतो. तिचं नाव काय ठेवलं होतं? कोणाले न विचारता लिही. चुकलं तरी चालते. पण लिही.

वाट पाहते. मले अशी टांगून ठेवू नको.

यामिनी


अजनी, नागपूर
३ ऑगस्ट २०२३

चि. यामिनीस,
अनेक उ. आ.

शेळीचं नाव नाही आठवत. शेळीच नाही आठवत.

तुझं पत्र वाचून मी कपाटाकडे गेलो, म्हटलं डायरीत पाहू. कपाट रिकामं. घर डोक्यावर घेतलं, डायऱ्या कोणी चोरल्या म्हणून. परागवर हात उगारला. वैभवीनं तुझ्या सहीची प्रत समोर धरली तेव्हा कळलं, मीच देल्या. यामिनी, रोज सकाळी मी त्याच डायऱ्या चाळत होतो. त्यातून समजायचं, मी कोण, कुठं नोकरी केली, आई केव्हा गेली. पण जुना गार्ड ना! चार्ज द्यायचा तर पूर्ण द्यायचा, मागे कागदाचा कपटाही ठेवायचा नाही. तसा सगळा देऊन टाकला, अन् आता घरात हात कुठं टाकू ते कळत नाही. एवढी अक्कल नाही राहिली की दोन-चार तरी ठेवाव्या.

परागवर रागवू नको. मीच त्याले शपथ घातली होती. डॉक्टरनं हिवाळ्यातच सांगतलं. हे विसरणं थांबत नाही म्हणे, सावकाश जाते नाहीतर भराभर जाते. जूनमध्ये दूध आणायले गेलो अन् अजनीच्या पुलावर उभा राहिलो. घर कोणत्या बाजूले तेच कळेना. त्या पुलाखालून मी किती गाड्या नेल्या असतील! एका बाईनं हात धरून चौकापर्यंत आणलं. मी तिले सांगतलं, चष्मा विसरलो. चष्मा डोळ्यावर होता.

मले भेव वाटते. सालेकसाच्या जंगलात गाडी उभी राहायची, मागच्या डब्यात मी एकटा, तेव्हा नाही वाटलं. पुढे इंजिन आहे हे माहीत होतं. आता सकाळी डोळे उघडायचं भेव वाटते, आज काय गेलं असेल म्हणून. म्हणून तुझ्या खोलीची घाई करून राहिलो होतो. जे विचारायचं ते आता विचार. रडत येऊ नको. तुझं रडणं मले पाहवत नाही.

आशीर्वाद आहेच.

देवराव दादा


जुनवानी, भिलाई
८ ऑगस्ट २०२३

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रडली. तू नको म्हटलं तरी रडली, काय करशील?

मग उठली अन् कामाले लागली. सगळ्या डायऱ्यांची झेरॉक्स काढली, पावर हाउसच्या दुकानदारानं दोन दिवस मशीन माझ्यासाठीच चालवली. मले नक्कल पुरे. मूळ छत्तीस डायऱ्या तुले परत, ट्रंक पाठवली आहे. सोबत यादी आहे, मोजून सही कर. शेळी १९८९ च्या डायरीत आहे. तिचं नाव चमेली. तू रकान्यात लिहिलं आहे, 'प्रवासी एक, तिकीट नाही.' वाच अन् हस.

पुस्तक गेलं चुलीत. दिवाळीची मुदत गेली उडत. वीस तारखेले मी येते अन् तुले भिलाईले घेऊन येते. परागशी बोलून झालं आहे. टेबलाशी दोन खुर्च्या लावल्या, तू बोल, मी लिहीन. रोज थोडं. चुकेल ते चुकेल.

एक सांगते दादा. तू मले विसरशील, याचंच भेव वाटते. हे एकदाच लिहिते, पुन्हा नाही लिहिणार. वीस तारखेपर्यंत मले मनात धर. बारा दिवस फक्त.

तुझीच
यामिनी


अजनी, नागपूर
१७ ऑगस्ट २०२३

श्रीमती लेखिका बाई,
जुनवानी, भिलाई यांस,
स. न. वि. वि.

आपण पाठविलेली ट्रंक पोचली. डायऱ्या छत्तीस, मोजून बरोबर भरल्या. सही करून यादीची प्रत सोबत जोडली आहे. सामान फार नीट बांधलेले होते. घरच्या मंडळींकडून कळले की आपण पुस्तके लिहिता व आपल्या खोलीत प्रत्येक कागद नंबराने ठेवलेला असतो. हल्ली इतके कोणी करत नाही.

शेळीची हकीकत वाचली. पुष्कळ हसलो. तो गार्ड मोठा गमतीदार माणूस दिसतो.

एक विनंती आहे. माझी धाकटी बहीण यामिनी आपल्या भिलाईलाच असते. तिचा पत्ता माझ्याजवळ होता, आता सापडत नाही. आपल्याकडच्या कागदांत असेल तर शोधून तिला दोन ओळी कळवाव्या, की दादा खुशाल आहे, दोन्ही वेळ जेवतो. बाकी काही कळवू नये. तिले लय भेव वाटते, लहानपणापासून.

तसदी दिली, राग नसावा.

आपला
देवराव निखाडे
गार्ड, मालगाडी