सालीची रेघ

मंगळवार, बोईसर

आज सुनंदाबाईंनी भाजी चिरता चिरता माझ्या स्क्रीनवरचा भूर्जपत्राचा, म्हणजे झाडाच्या सालीवर लिहिलेल्या जुन्या पोथीचा फोटो पाहिला. त्या जव्हारच्या जंगलाकडच्या, माझ्याकडे स्वयंपाकाला येतात. एका अक्षराकडे बोट करून म्हणाल्या, "ताई, ही रेघ लिवलेली नाय. सालीचीच हाय."

मी हसले. त्या आडव्या रेघेमुळेच काश्मीरकडच्या जुन्या शारदा लिपीतला 'प' मी 'ष' वाचला, आणि गेल्या वर्षी छापलेला आमचा अख्खा लेख त्या 'ष'वर उभा आहे. तरी फोटो मोठा केला. रेघ अक्षरापाशी थांबत नव्हती, थेट कोऱ्या समासात गेली होती. शाई तिथे कशाला जाईल? इतकी वर्षं मी काय बघत होते? लाज वाटायला हवी होती. फारशी वाटली नाही.

माझ्या मार्गदर्शक सरांना फोन केला. लेखावर त्यांचंही नाव आहे. ते म्हणाले, "अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही ना? मग राहू दे."

हे मात्र लागलं. जेवणाआधीच संपादकांना दुरुस्ती पाठवली. चूक सुनंदाबाईंनी दाखवली, हेही त्यांचं पूर्ण नाव विचारून लिहिलं.

सर आता माझ्याशी बोलतील की नाही, माहीत नाही.